शिक्क्याचं माप

स्वरूपाला पहिला दगा शिंकेनं दिला आणि दुसरा शिट्टीनं. शिंकेचं एक वेळ समजू शकतो, ती कुणाच्या बापाची नसते. पण शिट्टी म्हणजे स्वरूपाचं हत्यार. बारामतीकडच्या कळंबपासून चार किलोमीटरवरच्या हायस्कुलात ती खेळाची शिक्षिका. तिची शिट्टी वाजली की नववीतली पोरं तर सोडाच, शेजारच्या उसातली रानडुकरंसुद्धा रांगेत उभी राहतात अशी ख्याती. बाळंतपणाची रजा संपायला महिना उरला होता. मे महिन्यातल्या एका दुपारी, जरा सराव करावा म्हणून तिनं कपाटातनं शिट्टी काढली, अंगणात आली, छाती भरून श्वास घेतला आणि सणसणीत फुंकली. शिट्टी झकास वाजली. पण त्याच क्षणी जे व्हायला नको ते झालं, आणि मास्तरीणबाई शिट्टी तोंडात तशीच धरून, पाय आवळून अंगणाच्या मधोमध खिळून राहिल्या.

"काय गं, कुणाला बोलावतीस?" आतनं सासूनं, लीलाबाईंनी विचारलं.

"कुणाला न्हाय आत्या. वाजती का बघत हुते."

"वाजली की."

"व्हय, वाजली," स्वरूपा म्हणाली आणि पाऊल न उचलता, पाय घासत घासत मोरीकडं सरकली.

पोरगी, म्हणजे संस्कृती, तेव्हा पाच महिन्यांची. जन्मली तेव्हा साडेतीन किलो भरली, गावभर पेढे गेले. पण येताना तिनं आईच्या अंगातले कुठले कुठले नटबोल्ट ढिले केले याची चौकशी कुणीच केली नाही. स्वरूपानंही नाही. ‘होईल कमी’ म्हणत तिनं दिवस काढले. खोकला आला की खांब धरायचा, हसू आलं की खाली बसून घ्यायचं, पोरीला उचलायचं तर आधी मोरीचा फेरा करून यायचं. आणि वाऱ्याचं तर विचारूच नका. बारशाला चाळीस बायका, पाळण्याभोवती शांतता, नणंद बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करायला वाकली, आणि तिच्या अर्धा सेकंद आधी जे कुर्रर्र झालं ते नणंदेच्या तोंडातनं नव्हतं. नशीब थोर, चालीप्रमाणं बायकांनी लगेच नणंदेच्या पाठीत धपाधप धपाटे घातले आणि त्या गलक्यात सगळं बुडालं.

तिला भीती एकाच गोष्टीची होती. गावाला कळलं तर? गावात एकदा नाव पडलं की ते सातबाऱ्यावर चढल्यासारखं, पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाही. एक गृहस्थ तीस वर्षांपूर्वी कॅनॉलमध्ये घसरून पडला होता. त्याला अजून बुडका म्हणतात, आणि त्याची सून बीएस्सी असून ‘बुडक्याची सून’. मग खेळाच्या बाईंना काय म्हणतील? स्वरूपानं दोनतीन नावं मनातल्या मनात करून पाहिली आणि तिच्या अंगावर काटा आला. पंधरा जूनला शाळा उघडणार, दोनशे पोरांपुढं उड्या मारायच्या. त्याआधी हे बंद व्हायला पाहिजे, आणि कुणाला न कळता बंद व्हायला पाहिजे.

नवऱ्याला मात्र सांगावंच लागलं. ऋषिराज बारामतीच्या एमआयडीसीत सुपरवायझर, स्वभावानं गरीब. त्यानं ऐकलं, हसला नाही, हे त्याच्या नावावर पुण्य लिहायला हरकत नाही. दोन दिवस मोबाईलमध्ये डोकं घालून त्यानं शोधून काढलं की या दुखण्याचे व्यायाम असतात, ते शिकवणारी फिजिओथेरपीची डॉक्टर असते, आणि ती बारामतीतच भिगवण रस्त्याला बसते.

"पण घरी काय सांगायचं?" स्वरूपानं विचारलं.

"कंबर सांग," ऋषिराज म्हणाला. "कंबर म्हणलं की कुणी पुढं काय इचारत न्हाय."

त्याच्या उभ्या आयुष्यात त्यानं केलेलं हे सगळ्यात चुकीचं विधान. कारण कंबर हा सार्वजनिक विषय आहे. पोटाचं दुखणं माणूस लपवतो, छातीच्या दुखण्याला लोक घाबरतात, पण कंबर म्हटली की सगळं गाव तज्ज्ञ. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत शेजारच्या छबूबाई तेलाची वाटी घेऊन हजर. छबूबाईंनी चाळीस वर्षांत गावातल्या निम्म्या बाळंतिणी चोळल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्यांना सल्ले दिले होते.

"पालथी हो गं मास्तरीण. टाचंनं दाबते. एक कळ काढ, फकस्त एक."

"छबूमावशी, नको—"

"तुला काय कळतंय? तू पोरास्नी उड्या शिकीव."

आणि छबूबाईंनी टाच ठेवली. छबूबाईंचं वजन पंच्याऐंशी किलो. पुढं काय झालं ते स्वरूपानं आयुष्यात कुणाला सांगितलं नाही, आपणही विचारू नये. सतरंजी धुवावी लागली एवढंच. मग कुणी मेथीचे लाडू धाडले, कुणी लोहचुंबकाचा पट्टा. ऋषिराजच्या मित्रानं मऊ गादी काढून फळीवर झोपायला सांगितलं, आणि चार दिवसांत स्वरूपाची धडधाकट कंबर खरोखरच दुखायला लागली.

मंगळवारी एसटीनं ती बारामतीला पोचली. दवाखान्यात बाकावर शेजारी एक आजोबा. त्यांनी बसल्याबसल्या विचारलं, "गुडघा का मणका?"

"मणका," स्वरूपा म्हणाली, आणि आजोबांनी आत बोलावणं येईपर्यंत आपल्या दोन्ही गुडघ्यांचा इतिहास सांगितला.

डॉ. सुकन्या वयानं लहान, चष्मेवाली, बोलायला मोकळी. तिनं सगळं असं विचारलं की जणू भाजीचा भाव विचारतेय. लघवी कधी निसटते? वारा आवरतो का? शौचाला जोर लावावा लागतो का? स्वरूपा पहिल्या प्रश्नाला लाल, दुसऱ्याला जांभळी, तिसऱ्याला रडायला लागली.

"अहो, रडताय काय? दर तिघी-चौघींमागं एकीला होतं हे. बोलत नाही कुणी, म्हणून प्रत्येकीला वाटतं आपण एकटीच." मग तिनं ओटीपोटाच्या हाडांचा एक प्लास्टिकचा सांगाडा काढला. "हे बघा, खाली तळाला स्नायूंची झोळी असते. नऊ महिने त्या झोळीत बाळाचं वजन, वरून बाळंतपणाचा ताण. झोळी सैल पडली. आता ती परत आवळायला शिकवायची. वारा अडवताना आवळतो ना, तसं आवळा आणि आत वर ओढा. पोट नाही, मांड्या नाही, श्वास रोखायचा नाही. पाच मोजा, सोडा. आणि पूर्ण सोडा, ते विसरू नका."

स्वरूपानं केलं.

"भुवया खाली," डॉक्टर म्हणाली. "भुवयांचा काही संबंध नाही."

मग सूचना झाल्या. पाणी कमी करायचं नाही. शौचाला कुंथायचं नाही. शिंक, खोकला, हसू येणार असं वाटलं की त्याच्या आधी आवळायचं. आणि तीन दिवसांची वही ठेवायची. किती प्यायलात, किती वेळा गेलात, दर वेळी किती मिली झाली, कधी निसटली. "मोजायला घरातलं एखादं माप घ्या," ती म्हणाली.

घरातलं एखादं माप! डॉक्टर शहरात वाढलेली. तिच्या डोळ्यांपुढं स्वयंपाकघरातला प्लास्टिकचा मग असणार. पण स्वरूपाचं घर म्हणजे दूध संकलन केंद्र. पुढच्या खोलीत तात्या, म्हणजे सासरे मानसिंगराव, बावीस वर्षं गावाचं दूध घेत होते आणि सुटं विकत होते. आता डेअरीचा काटा इलेक्ट्रिकचा झाला, फॅट सांगायला मशीन आलं, पण घरी पाहुणा आला म्हणून अर्धा लिटर दूध न्यायला पोर आलं की ते मापानंच. ‘मानसिंगतात्याच्या मापानं’ अशी गावात शपथ घेत. तात्याही तसेच. मापावर फेस आला तर तो उतरेपर्यंत थांबत, मागं रांग का पारापर्यंत जाईना.

कपाटावर कागदात गुंडाळलेला मापांचा नवा कोरा संच होता. लिटरचं, अर्ध्याचं, दोनशेचं, शंभरचं. स्वरूपाला वाटलं, जुनी मापं रोज वापरात आहेत, ही जादाची दिसतात. तिनं अर्ध्या लिटरचं उचललं. त्याच्या कडेला शिशाचा ठिपका आणि त्यावर सरकारी शिक्का होता. तो तिनं पाहिला, पण त्याचा अर्थ पाहिला नाही. संस्कृतीच्या बाटलीनं शंभर-शंभर मिली पाणी ओतून तिनं आतल्या बाजूनं लाल नेलपॉलिशच्या चार रेघा मारल्या. खेळाच्या शिक्षिकेला रेघा मारायची सवय असतेच.

तीन दिवस वही झकास चालली. व्यायामही. भाकरी थापताना पाच मोजून आवळायचं, पाळणा ओढताना आवळायचं. भुवया मात्र ऐकेनात. आवळलं की त्या कपाळाच्या वर. छबूबाईंनी ते दोनदा बघितलं आणि लीलाबाईंना परड्यात गाठून म्हणाल्या, "लीलाबाय, सुनंच्या अंगात काय येतंय का? बसल्याबसल्या डोळं वर करती. देवरुषाला दाखीव."

"मास्तरीण हाय ती, इचार करत असंल," लीलाबाई म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या सुनेकडं जरा निरखून बघायला लागल्या.

चौथ्या दिवशी तात्यांनी कपाटावरनं संच काढला आणि घरात बॉम्ब पडला.

"अर्ध्याचं माप कुठं हाय?"

तेव्हा कुठं स्वरूपाला उलगडा झाला की ती मापं जादाची नव्हती. तात्यांनी अर्ज करून, दोन हेलपाटे घालून ती सरकारी शिक्का मारून आणली होती. चार मापांचा दाखला होता, आणि येत्या मंगळवारी वजनमापाचे इन्स्पेक्टर तपासणीला यायचे होते. दाखल्यावर चार तर टेबलावर चार पाहिजेत. तात्यांनी घर धुंडाळलं, गोठा धुंडाळला, वैरणीत हात घातला. फलकावर रोज दुधाचा दर लिहीत तिथं खडूनं लिहिलं, ‘अर्ध्या लिटरचे शिक्क्याचे माप गहाळ. आणून देणारास एक किलो साजूक तूप.’ त्या तुपापायी तीन दिवस गावातली पोरं तात्यांच्या दारात चेपलेले तांबे, मग, आणि एकदा तर देवळातली घंटा घेऊन उभी. समोरच्या गल्लीत दादासाहेब नावाच्या इसमाचं दुसरं केंद्र होतं. त्यानंच माप पळवलं अशी तात्यांची खात्री पटली आणि दोघांचं बोलणं बंद झालं. तसं ते आधीही बंदच होतं, पण आता कारण मिळालं.

आता तुम्ही म्हणाल, बाईनं माप गुपचूप परत ठेवायचं. पण कसं ठेवायचं? घासून, विसळून, उकळत्या पाण्यात घालून ठेवलं तरी मनाचं काय? गावाला त्या मापानं दूध? स्वरूपाला ते कदापि जमणार नव्हतं. तिनं दुसरा मार्ग काढला. बारामतीत भांड्यांच्या दुकानात तसंच माप घेतलं.

"शिक्का?" तिनं विचारलं.

"शिक्का आमच्याकडं नसतो मॅडम, तो कचेरीत."

कचेरीत एका सभ्य कारकुनानं तिला खुर्ची दिली आणि फॉर्म दिला. परवाना कुणाच्या नावावर? सासऱ्यांच्या. मग सासऱ्यांची सही आणा. जुन्या मापाचं काय झालं? हरवलं. मग हरवल्याचा अर्ज, सासऱ्यांच्या सहीनं. हरवलेलं नाहीये, फक्त... फक्त काय? स्वरूपानं फॉर्मची घडी करून पर्समध्ये ठेवली आणि निघाली. दाराशी शिंक आली. डॉक्टरनं शिकवल्याप्रमाणं तिनं आधी आवळलं, मग शिंकली. आणि काय सांगू, कोरडी! कचेरीच्या पायरीवर त्या बाईला एवढा आनंद झाला की काम झालं नाही हे ती दोन मिनिटं विसरूनच गेली.

मंगळवार उजाडला. इन्स्पेक्टर आणि डॉक्टर, दोघांचा वार एक. संस्कृतीला लीलाबाईंकडं ठेवून स्वरूपा सकाळीच बारामतीला गेली. डॉक्टर खूश होती. वही बघून म्हणाली, उत्तम, अजून दोन महिने नेटानं करायचं. परत येताना एसटीत स्वरूपानं ठरवलं की तात्यांना सांगायचं, माप मी बाळाच्या अंघोळीला घेतलं आणि ते विहिरीत पडलं. खोटं होतं खरं, पण विहीर खोल होती.

घरी पोचली तेव्हा साडेपाच झाले होते. संध्याकाळच्या दुधाची वेळ, पंचवीस-तीस बायामाणसं किटल्या घेऊन रांगेत. मध्ये टेबल, टेबलामागं इन्स्पेक्टर साहेब, आणि टेबलावर एक, दोन, तीन, चार मापं! बाहेरच्या न्हाणीतल्या हंड्याच्या मागं तिनं दडवलेलं माप दुपारी तात्यांना सापडलं होतं. नातीच्या अंघोळीला घेतलं असेल, असं समजून त्यांनी ते आनंदानं विसळून आणलं. आणि आता साहेबांच्या पाहुणचाराला, नव्या मापाचा मुहूर्त म्हणून, तात्या चहासाठी त्याच मापानं कॅनमधलं दूध काढायला वाकले होते.

"तात्या! नकोऽऽऽ!"

ही हाक मैदानावरची होती. रांग जागच्या जागी ताठ झाली. तात्यांचा हात कॅनच्या तोंडावर थांबला.

"का?" साहेबांनी विचारलं. "काय आहे त्या मापात?"

त्यांनी माप मागून घेतलं, उजेडाला धरलं, आत बोट फिरवलं, नाकाशी नेऊन वास घेतला. "ह्या लाल रेघा कसल्या? शिक्क्याच्या मापात खुणा? मानसिंगराव, हा फेरफार झाला. मला लिहावं लागेल."

दूध घालायला न आलेला, पण मजा बघायला बरोब्बर आलेला दादासाहेब मागनं म्हणाला, "आरारारा! म्हंजी बावीस वर्सं आमी रेघाच प्यालो म्हणायचं!"

कुणीतरी हसलं. तात्यांनी फक्त आपल्या हातांकडं बघितलं. बावीस वर्षं फेस उतरेपर्यंत थांबलेले ते हात, आता कुठं ठेवायचे हे त्यांना कळेना. आपलं नाव जाईल म्हणून स्वरूपा महिनाभर मरत होती, आणि इथं तात्यांचं नाव सगळ्यांच्या देखत चाललं होतं. आणि तेही तिच्यापायी.

"साहेब, रेघा मी मारल्यात," ती म्हणाली.

"लेकराच्या अंघोळीसाठी असंल," तात्या घाईनं म्हणाले. सुनेला वाट काढून द्यायची त्यांची धडपड चालली होती.

"अंघोळीला शंभर, दोनशे, तीनशे?" साहेब म्हणाले.

"न्हाय. अंघोळीला न्हाय." स्वरूपानं श्वास घेतला, आवळलं, आणि बोलली. "साहेब, त्यात मी माझी लघवी मोजली. बाळंतपणापासनं मला ती आवरत न्हाय. बारामतीच्या डॉक्टरनी तीन दिवस मोजायला सांगितली. माप कोरं हुतं, त्यातनं दुधाचा एक थेंब कुणाला गेलेला न्हाय. तात्यांना ह्यातलं काय बी म्हाईत न्हाय."

साहेबांनी माप अलगद टेबलावर ठेवलं आणि आपल्या बोटाकडं बघितलं. मग नाकाकडं बघायचा प्रयत्न केला.

आणि दादासाहेब खो-खो हसला. "बाबोऽऽ! खेळाच्या बाई!"

"हसायला काय झालं रं तुला?"

आतल्या दारात लीलाबाई उभ्या होत्या, कडेवर संस्कृती. चारचौघांत कधी तोंड न उघडणारी बाई. त्या पायरी उतरून थेट पुढं आल्या.

"मला बी आवरत न्हाय. तीस वर्सं झाली, ऋषीच्या येळंपासनं. हसायचंय मला? हास की! तुझ्या बायकूला घरी जाऊन इचार, तुमच्या पुतणीच्या लग्नात ती आन्‌ मी भरल्या पंगतीतनं दोनदा का उठलो ते. आन्‌ ही छबू. लोकाच्या कमरा चोळती, पर खोकला आला की भिताड धरती. व्हय का न्हाय गं छबे?"

छबूबाईंनी किटली या हातातनं त्या हातात घेतली. "आता तू काढलंच हायस तर... व्हय," त्या म्हणाल्या. मग स्वरूपाकडं वळून, रागानं, "आन्‌ तू कंबर म्हणून टाच खाल्लीस व्हय गं माझी?"

त्यावर रांगेतल्या बायका अशा हसल्या की दोघी-तिघींना लगोलग घर गाठावं लागलं. दादासाहेब कधी गेला ते कुणाला कळलं नाही. साहेबांनी कागद ओढला आणि झरझर लिहिलं, ‘सदर माप व्यापारात वापरलेले नाही. घरगुती कारणास्तव बाद.’ "कसलं घरगुती ते लिहायची गरज नाही," ते म्हणाले. "मानसिंगराव, तुमच्यावर काही नाही. हात कुठं धुवू?" चहा मात्र त्यांनी घेतला नाही.

गर्दी पांगल्यावर तात्या ओट्यावर लीलाबाईंजवळ येऊन बसले. स्वरूपा आत पोरीला पाजत होती, तिला सगळं ऐकू येत होतं.

"तीस वर्सं?" तात्या म्हणाले.

"व्हय."

"मला बोलली न्हाईस."

"बोलले हुते की. जेजुरीला जाताना तिसऱ्यांदा जीप थांबवा म्हणले, तर तुमी भावकीच्या देखत म्हणलासा, फुडच्या बारीला हिला घरी ठिवा. मग ऱ्हायले मी घरी."

तात्यांना ती जीप आठवत होती. हे बोलणं आठवत नव्हतं. आपल्या बायकोला फिरायची हौसच नाही, असं ते पंचवीस वर्षं सगळ्यांना सांगत आले होते. ते उठले, गोठ्यात गेले, आणि धार काढून झाली होती तरी बराच वेळ तिथंच उभे राहिले.

पुढच्या मंगळवारी तात्यांनी स्वतः गाडी काढली. पुढं लीलाबाई, इरकली नेसून, जरा धास्तावलेल्या. मागं स्वरूपा आणि संस्कृती. अठ्ठावन्नाव्या वर्षीही हे व्यायाम लागू पडतात, असं डॉक्टरनं फोनवर सांगितलं होतं. जंक्शन नावाचं गाव ओलांडलं आणि पहिल्याच पेट्रोल पंपावर तात्यांनी गाडी आत घेतली.

"डिझेल टाकायचंय व्हय?" लीलाबाई म्हणाल्या.

"न्हाय. तुझ्यासाठी थांबलोय."

"मला न्हाय लागली."

"असू दे. बसू पाच मिन्टं."

पाच मिनिटं सगळे पंपावर नुसते बसून राहिले. पुढच्या पंपावर पुन्हा तेच. तिसऱ्या पंपावर पोरगा तेल भरायला धावत आला, तर तात्यांनी त्याला गंभीरपणानं सांगितलं, "तेल नको. थांबलोय नुसतं." पोरगा खुळ्यागत बघत राहिला. लीलाबाईंना हसू फुटलं. पदर तोंडाला लावला, तरी आवरेना. मागनं स्वरूपाही हसायला लागली. गाडी रस्त्याला लागली तरी दोघींचं थांबेना.

"आत्या, आवळा! आधी आवळा, मग हसा!" स्वरूपा मागनं ओरडली.

"अजून शिकले कुठं! आवो, थांबवा, थांबवा गाडी!"

आणि आता पंप नव्हता. दोन्ही बाजूंना नुसता ऊस. तात्यांनी गाडी कडेला घेतली. लीलाबाई उतरल्या, उसाच्या आडोशाला गेल्या. तात्याही उतरले. फेटा बांधलेला, बावीस वर्षं गावाला दूध मोजून दिलेला हा मानी माणूस रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला आणि खांद्यावरचा टॉवेल दोन्ही हातांनी ताणून बायकोच्या आड धरला. गाड्या जात होत्या. एक ओळखीचा मोटरसायकलवाला करकचून थांबला.

"तात्या, काय झालं? गाडी बिघडली का काय?"

"गाडीला काय धाड भरलीय?" तात्या म्हणाले. टॉवेल एवढासाही खाली आला नाही. "बायकोसाठी थांबलोय. तू हो म्होरं."